सगळे आहेत

आमच्यात सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. ते हयात असेपर्यंत मी ते एकदाही घेतलं नाही, भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं काही कमी झाली नाहीत. पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचं नाव एस्तेबेस. मी त्यांना मामंजी म्हणायची.

मामंजींना रस्त्यात पाहिलं की गावातल्या बाया दार लावून घेत. माणूस वाईट होता असं अजिबात नाही. त्यांच्याकडे कामच तसलं होतं. मरणाची बातमी आमच्याकडे कुणीही उठून देत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला ती सगळ्यात शेवटी कळते. तोवर गाव मूग गिळून बसतं. मग चार वडीलधारे मिळून त्या घरात शिरतात, बसतात, चहा नको म्हणतात, आणि त्यातला एकजण कुठून तरी लांबून सुरुवात करतो, उडून गेलेल्या ससाण्याची, वाळलेल्या झऱ्याची, आणि फिरत फिरत येऊन शेवटी नाव घेतो. नाव घेतलं की रडायचं. त्याआधी रडायचं नाही. कितीही कळलेलं असलं तरी नाही, कारण कुणी सांगितलेलं नसताना रडणं म्हणजे जित्या माणसाला आपल्या तोंडाने मारणं. तर त्या चौघांतला नाव घेणारा माणूस म्हणजे माझे सासरे.

हे त्यांच्या गळ्यात कसं पडलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. सैन्यातली नोकरी संपवून ते गावी परतले तेव्हा आईसाठी फुलाफुलांची शाल आणली होती. बसमधून उतरले, शाल हातातच. रस्त्यात जो भेटला त्याने मिठी मारली आणि म्हणाला, घरी जा बाबा, घरी जा. आई कशी आहे विचारलं तर जो तो आपले बूट बघायला लागला. घरी पोचले तर अंगणात गवतावर पिवळं पडलेलं मोठं गोल वर्तुळ. मयताचा लोकरीचा तंबू जिथे उभा केलेला असतो तिथलं गवत असं पिवळं पडतं. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि पोराला परक्या मुलखात त्रास नको म्हणून कुणी कळवलं नव्हतं. "माझ्या आईचं मरण मला गवताने सांगितलं, झिपार," ते म्हणाले, "आख्ख्या गावात एकालाही तोंड नव्हतं."

तेव्हापासून त्यांनी एक ठरवलं आणि आयुष्यभर पाळलं. जे आहे ते सांगायचं, आणि नाही ते सांगायचं नाही. ऐकायला फार छान वाटतं. अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघा. माझ्या हातच्या पावाला पाहुण्यांसमोर "आज जरा कच्चा राहिलाय" म्हणायचे. दुसऱ्याला मेंढी विकताना तिचा खोकला आधी सांगायचे.

त्यांच्या कामामुळे व्हायचं असं की, साधी कुदळ मागायला कुणाच्या फाटकात शिरले तरी घरातल्या बाईच्या हातातलं भांडं खाली पडायचं. एकीने तर त्यांना पाहून उतू जाणारं दूध तसंच टाकलं आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाली. दिसलंच नाही तर ऐकावंही लागणार नाही, असा तिचा हिशेब. ते बिचारे मेंढ्यांचं औषध मागायला आले होते. मग त्यांनी एक सवय लावून घेतली. रस्त्यावरूनच हात वर करून ओरडायचे, "सगळे आहेत, सगळे आहेत! कुदळ पाहिजे!" काही काम नसलं, नुसतं कुणाच्या घरावरून जायचं असलं तरी ओरडायचे. पोरं त्यांची नक्कल करायची. लोक हसायचे, पण ती हाक ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

माझा नवरा तालाय धाकटी मुलगी चालायला लागायच्या आतच रशियात कामाला गेला. बांधकामावर असतो. जन्माचा तक्रारखोर. फोन आला की पहिलं वाक्य पाठ दुखतेय, दुसरं पाव म्हणजे नुसता भुसा आहे, तिसरं मुकादमाला शिवी. मी वैतागून म्हणायची, कधीतरी चांगलं बोल की रे. त्याच्यामागे घरात मी, दोन मुली आणि मामंजी. रोज संध्याकाळी मेंढ्या घेऊन परत येताना आमच्या स्वतःच्या फाटकातूनही ते ओरडायचे, "झिपार, सगळे आहेत!"

"मामंजी, आपल्याच घरात शिरताना कसली हाक?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुझा नवरा लांब आहे," ते म्हणाले. "मी गुपचूप आत आलो तर तुझ्या पोटात गोळा येईल."

मी म्हटलं, मला काही होत नाही, चहा गार होतोय. पण कधी उशीर झाला, तर चहा गाळता गाळता माझे कान फाटकाकडे असायचे हे खरं आहे.

आता उलकान आपांचं सांगते. आमच्यापासून पाच घरं सोडून त्यांचं घर. मोठा मुलगा कुबात आणि त्याचं बिऱ्हाड त्यांच्याजवळ, धाकटा तोक्तोसुन मॉस्कोत. त्याच्याआधी दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून याचं नाव तोक्तोसुन ठेवलं, म्हणजे हा तरी थांबू दे. त्या वर्षी जर्दाळूला फुलं आली होती तेव्हा तो तिकडे बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि गेला.

कुबातने ठरवलं की आईला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणालेत धक्का बसता कामा नये, हृदय नाजूक आहे. कुठला डॉक्टर, ते कुणी विचारलं नाही. कुबातच्या मुलीचं लग्न शरदात ठरलेलं होतं, हॉल घेतला होता, गाणारा शहरातून येणार होता. घरात सुतक आलं की लग्न वर्षभर पुढे. हेही सगळ्यांना माहीत होतं आणि हेही कुणी बोललं नाही. मयत गावात न आणता आमच्या राजधानीच्या, बिश्केकच्या कडेच्या कबरस्तानात पुरायचं ठरलं. गावातले पुरुष एका मिनीबसमधून गेले. आपांना सांगितलं, गुरांच्या बाजाराला जातोय. संध्याकाळी सगळे परत आले, एकाच्याही हातात दावं नाही.

मामंजीही मातीला गेले होते. परत येताना बसमध्ये कुबातने प्रत्येकाकडून शब्द घेतला. मामंजी म्हणाले, "तुझी आई आहे. तू म्हणेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. पण फार ताणू नकोस." त्या दिवसापासून ते उलकान आपांच्या घरावरून जायचे बंद झाले. मेंढ्या घेऊन कालव्याच्या काठाने लांबचा वळसा घालायला लागले.

आता फोनचं काय करायचं? आपांची बहीण बिश्केकला असते. तिचा मुलगा एल्दार, त्याचा आवाज लहानपणापासून तोक्तोसुनसारखा. दोघं एकमेकांच्या आवाजात आत्यामावश्यांना फसवायचे. कुबातने त्यालाच धरलं. आपांना मोतीबिंदू, फोन जुना बटणांचा, चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. दर दोन दिवसांनी संध्याकाळी फोन वाजायचा.

मी तो एकदा कानाने ऐकला. दही द्यायला गेले होते. आपांनी फोन स्पीकरवर टाकून चादरीवर ठेवला होता आणि त्यातून तो माणूस बोलत होता ज्याच्यासाठी मी दोनच आठवड्यांपूर्वी गुपचूप पिठाचे गोळे, बोरसोक, तळून मयताच्या कुराणवाचनाला पाठवले होते. "आई, मी छान आहे. जेवतोय, झोपतोय. सगळं छान चाललंय." आपांनी दोन्ही हात वर करून त्याला दुवा दिली, खूप जग म्हणाल्या, आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी दह्याचं भांडं ठेवून चपला घालायलाच विसरले, तशीच घरी आले.

खोटं एकदा पाळलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. मे महिन्यात तोक्तोसुनला बढती मिळाली. जूनमध्ये त्याने गाडी घेतली. कुबातची बायको मला पाणी भरताना म्हणाली, "आता म्हातारी विचारतेय लग्न कधी करतोस. काय सांगू ग? एल्दार म्हणाला, मुलगी बघितलीय." अशा रीतीने मेलेल्या माणसाचं लग्न ठरलं. एल्दार बिचारा स्वतः सुकत चालला होता. त्याच्या आईने सांगितलं, झोपेत त्याला तोक्तोसुन म्हणून हाक मारली की ओ देतो. दुसऱ्याच्या वाटची दुवा अंगावर घेऊन फिरायचं सोपं नसतं.

लग्न ठरल्यावर आपांनी गाद्या शिवायला काढल्या. शेजारपाजारच्या आम्ही बाया लोकर पिंजायला जायला लागलो. गाद्यांमागून गाद्या. आणि कापड आणलेलं गडद निळं. नवरीच्या गाद्यांना कुणी असलं कापड घेतं? लाल घेतात, पिवळं घेतात. मी मनात म्हटलं, डोळ्यांना दिसत नाही, दुकानदाराने पडून राहिलेलं खपवलं. सगळ्या बाया खाली मान घालून टाके घालत होत्या. त्या अंगणात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्यात चार बाया जमल्या की कोंबड्यासुद्धा लांब जातात.

टाका घालता घालता आपा एकदम म्हणाल्या, "झिपार, तुझे मामंजी हल्ली आमच्या फाटकावरून ओरडत नाहीत ते?"

माझ्या बोटात सुई गेली. "मेंढ्या कालव्याकडे नेतात आपा, तिकडे गवत चांगलं आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "हाक ऐकली की बरं वाटतं. सांग त्यांना."

त्यानंतर त्या जो येईल त्याला हेच विचारायला लागल्या. कुबातला विचारलं, सुनेला विचारलं, पाव द्यायला आलेल्याला विचारलं. फोनवर तोक्तोसुन कितीही गोड बोलला तरी ठेवताना म्हणायच्या, हो रे बाळा, पण एस्तेबेस ओरडला नाही बऱ्याच दिवसांत.

कुबात आमच्याकडे आला. दाराशी डोक्यावरची टोपी, कलपाक, काढून हातात धरून बसला.

"काका, मी तुम्हाला काही बोलायला सांगत नाही," तो म्हणाला. "उद्या फक्त नेहमीच्या वाटेने जा. आणि नेहमीसारखं ओरडा. संपलं."

"काय ओरडू?"

"नेहमीचंच."

"ते काय असतं, तूच म्हणून दाखव," मामंजी म्हणाले.

कुबातचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग तो चिडला. "आई मेली तर तुमच्या मानेवर बसेल ते पाप! सगळं गाव आईला जपतंय. तुम्ही एकटेच मोठे खरं बोलणारे! दोन शब्दांनी झिजता काय?"

"मी तुला शब्द दिलाय, तो पाळतोय. तोंड उघडलेलं नाही. पण नसलेल्याला आहे म्हणून ओरडणार नाही."

कुबात गेला तो दार आपटून. आणि मग मी सुरू झाले. खोटं कशाला सांगू, मी कुबातच्या बाजूची होते. आमचं गवत त्याच्या ट्रॅक्टरवर यायचं, आणि त्या गाद्या शिवून शिवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हातारीला एकदा बरं वाटू दे, एवढंच मला हवं होतं.

"मामंजी, दोन शब्दांनी तुमचं काय जातं? एका म्हातारीचं मन राहील."

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या मी तिच्या फाटकावर खोटं ओरडलो, तर परवा आपल्या फाटकावर ओरडेन तेव्हा तू ऐकशील?"

मी उठून मुलींवर खेकसले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी आपांच्या अंगणात शेवटच्या गादीची कड शिवत होते. कुबात तिथेच कुंपण दुरुस्त करायच्या निमित्ताने घुटमळत होता. मेंढ्यांचा आवाज आला. कालव्याकडून नव्हे, रस्त्यावरून. मामंजी त्या वाटेने आले होते. कुबातने माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू. आपांनी सुई थांबवली.

मेंढ्या पुढे गेल्या. मामंजी फाटकापाशी थांबले. त्यांनी हात वर केला, नेहमीसारखा. तोंड उघडलं. ओरडा हो, मी मनात म्हणत होते, ओरडून टाका. त्यांनी प्रयत्न केला, अल्लाची शपथ, मी पाहिलं. गळ्याची शीर फुगली. मग हात खाली आला आणि त्यांनी डोक्यावरचा कलपाक काढला.

आपा उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. फाटकापर्यंत गेल्या आणि स्वतः कडी काढली.

"आलास?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीस रे एस्तेबेस."

"आपा—"

"कुबातने तुझं तोंड बांधलंय, माहीत आहे मला. कुबात, याला सोड."

कुबात म्हणाला, "आई, तू काय बोलतेस—"

"गुरांच्या बाजारातून आलात तेव्हा तुमच्या बुटांना कबरीची पिवळी माती होती. मला दिसत कमी असलं तरी उंबरा मीच झाडते." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि तो फोन. आवाज तोच, हुबेहूब. पण माझा तोक्तोसुन जन्मापासून कुरकुऱ्या. आई, पाय दुखतो. आई, इथलं मटण मटण नाही. हा रोज म्हणतो सगळं छान. जित्या पोराचं आईपाशी सगळं छान असतं होय रे? मला कळलं होतं. पण सांगितलं कुणी नाही. कुणी सांगितल्याशिवाय कशी रडू? मीच माझ्या तोंडाने त्याला मारू? सगळा वसंत गेला, उन्हाळा गेला, छातीवर दगड घेऊन बसलेय. सोड याला."

कुबात कुंपणापाशी खाली बसला आणि त्याने मान हलवली.

मामंजी आत आले. एकटेच, बाकी तिघे वडीलधारे नाहीत, असं कधी होत नाही. अंगणात त्या अर्धवट गादीवर आपांच्या समोर बसले. मी सवयीने चहा ओतायला गेले, त्यांनी नको म्हणून हात केला. ससाण्यापासून सुरुवात केली नाही. म्हणाले, "आपा, ज्याला थांबू दे म्हणून मागितलं होतंत, त्या तुमच्या धाकट्याबद्दल सांगायला आलोय." आणि नाव घेतलं.

आपांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही. इतक्या महिन्यांचा होता तो. आजूबाजूच्या घरांतून बाया पळत आल्या आणि त्यांनीही सूर धरला, त्यांच्याही छातीत तो तेवढेच दिवस अडकलेला होता. मी रडले. कुबात लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात घरात फोन वाजला. संध्याकाळ झाली होती, त्याची वेळच होती. सगळा हंबरडा एकदम थांबला. कुणाची हिंमत होईना. आपा स्वतः आत गेल्या, फोन घेऊन बाहेर आल्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "आई, मी तोक्तोसुन. सगळं छान—"

"पुरे आता बाळा," आपा म्हणाल्या. "आजपासून तू एल्दार. जा, झोप जा."

पलीकडून त्याच आवाजातलं रडणं आलं. तेव्हा मात्र तो आवाज एल्दारचा वाटला.

तंबू दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. लांबलांबून माणसं यायला लागली आणि तीन दिवस राहिली. त्यांना झोपायला अंथरुणं कुठून आणायची या चिंतेत मी होते. आपांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या गडद निळ्या गाद्यांच्या चळतीकडे बोट दाखवलं. "नवरीसाठी निळं घेतं का ग कुणी?" त्या म्हणाल्या. माझे टाके होते त्यांवर. दुखवट्याला आलेली माणसं त्यांवर झोपली.

कुबातच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, कुणी पळून गेलं नाही. उलकान आपांचं ते नाजूक हृदय अजून चालू आहे.

मामंजी मागच्या थंडीत गेले. झोपेत. शेजारणी म्हणाल्या, तालायला फोनवर सांग की वडील आजारी आहेत, लगेच ये. इतका लांबचा प्रवास, वाटेत धक्का नको. सगळे तसंच करतात. मी फोन लावला आणि म्हटलं, "तालाय, मामंजी गेले." तो किंचाळला, मला शिव्या दिल्या, मग आला. मयताला खांदा दिला. जाताना फाटकात म्हणाला, बरं केलंस सरळ सांगितलंस, रस्ताभर रडता तरी आलं. आणि परत गेला.

आता संध्याकाळी मेंढ्या मी आणते. फाटकात कुणी ओरडत नाही. शेजारी कुदळ मागायला येतो तो गुपचूप आत येऊन उभा राहतो, आणि माझ्या हातातलं भांडं पडतं. गावात जो भेटेल तो बरं आहे ना म्हणतो, मी बरं आहे म्हणते. आमच्या इथल्या बऱ्याच घरांतली माणसं लांब आहेत आणि सगळ्यांचं बरं चाललेलं आहे.

तालायचा फोन येतो. आधी चेहरा दिसायचा, गेल्या महिन्यापासून कॅमेरा बिघडलाय म्हणतो. आवाज त्याचाच आहे. मुलींची नावं नीट घेतो. गावातल्या चुलत दिरांना विचारलं, ते म्हणाले हो हो, कॅमेराच बिघडलाय, आणि आपल्या बुटांकडे बघायला लागले. परवा मी मुद्दाम विचारलं, "पाठ कशी आहे?"

"छान आहे," तो म्हणाला.

"आणि तिकडचा पाव?"

"पावही छान आहे ग. सगळं छान आहे."